शब्दांचे सांधे : चिंचवडपासून नॉर्वेपर्यंत

चिंचवडच्या औद्योगिक परिसरातील विद्यार्थ्यांना ‘एस.के.एफ.’ ही तीन अक्षरे चांगली ओळखीची आहेत. बॉल-बेअरिंग बनविणारी ही मूळची स्वीडनमधील कंपनी 1907 साली गोटेबर्ग ह्या शहरात स्थापन झाली. तिचे स्वीडिश भाषेतील मूळ नाव आहे ‘स्वेन्स्का कुललागेरफाब्रीकेन’. नीट पाहा. नावात शब्द आहेत दोनच, मग आद्याक्षरे तीन कशी? ‘एस’ स्वेन्स्कामधला आणि ‘के’ कुललागेरमधला, पण ‘एफ’ कोठून आला?

हा ‘एफ’ दुसऱ्या शब्दाच्या पोटातून आला आहे. ‘कुललागेरफाब्रीकेन’ हा एक सलग शब्द दिसत असला तरी तो अनेक तुकडे जोडून बनलेला आहे. ‘कुला’ म्हणजे गोळी, ‘लागेर’ म्हणजे बेअरिंग, ‘फाब्रीक’ म्हणजे कारखाना आणि शेवटचा ‘एन’ हा ‘तो विशिष्ट कारखाना’ असे सांगणारा प्रत्यय. स्वीडिश माणसाला हा सांधा इतका स्पष्ट जाणवतो, की संक्षेप करताना त्याने शब्द सांध्यावरच उघडला आणि ‘फाब्रीकेन’चे आद्याक्षर वेगळे काढले.

आपण मराठी माणसेही दिवसभर असे जोडलेले शब्द वापरतो. कामगार, आगगाडी, पाणीपुरवठा, वीजतंत्री, शेततळे हे शब्द उच्चारताना आपण त्यांचे तुकडे कोठे पाडतो? तुकडे पाडण्याची जागा आणि शब्द जोडण्याची जागा एकच असते का? प्रश्न व्याकरणाचा वाटतो खरा, पण त्याचे अर्धे उत्तर ध्वनीच्या भौतिकीत आहे.

अक्षर आणि उच्चारखंड

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करू. वहीत आपण जे चिन्ह लिहितो, काना-मात्रा किंवा जोडाक्षर धरून, त्याला आपण येथे ‘अक्षर’ म्हणू. एका दमात, एका झोक्यात जो ध्वनीचा तुकडा तोंडातून बाहेर पडतो त्याला ‘उच्चारखंड’ म्हणू. इंग्रजीच्या तासाला ह्यालाच आपण सिलॅबल म्हणतो.

ह्या दोहोंची संख्या सारखी नसते. ‘घर’ ह्या शब्दात अक्षरे दोन, पण आपण म्हणतो ‘घर्’. उच्चारखंड एकच. ‘घरी’ म्हटले की मात्र उच्चारखंड दोन होतात : घ-री. आता आपल्या परिसरातील काही नावे घेऊ.

निगडी : अक्षरे 3, उच्चारखंड 2 (निग्-डी)
भोसरी : अक्षरे 3, उच्चारखंड 2 (भोस्-री)
आकुर्डी : अक्षरे 3, उच्चारखंड 3 (आ-कुर्-डी)
चिंचवड : अक्षरे 4, उच्चारखंड 2 (चिंच्-वड्)
कासारवाडी : अक्षरे 5, उच्चारखंड 4 (का-सार्-वा-डी)

आकुर्डीच्या बाबतीत लेखन आणि उच्चार जुळतात, कारण तेथे ‘र्ड’ हे जोडाक्षर आपण लिहून दाखवितो. निगडीत ‘ग’ आणि ‘ड’ उच्चारात जोडलेले असले तरी लिहिताना सुटे ठेवतो. मराठीतील न लिहिलेला ‘अ’ असा लपंडाव खेळतो. शब्दाच्या शेवटच्या साध्या अक्षरातील ‘अ’ प्रमाण बोलीत उच्चारला जात नाही. शब्दाच्या मध्यभागीही तो पुष्कळदा गळतो : ‘चटक’मध्ये आपण ‘ट’चा अ उच्चारतो, पण ‘चटका’मध्ये तो नाहीसा होतो आणि चट्-का असे दोन खंड उरतात.

उच्चारखंड म्हणजे भौतिकीच्या दृष्टीने काय?

बोलताना आपल्या स्वरतंतूंची कंपने पुरुषाच्या आवाजात सेकंदाला सुमारे 100 ते 150 आणि स्त्रीच्या आवाजात सुमारे 200 असतात. कंपनसंख्येवरून आवाजाची उंची ठरते. पण ह्या जलद कंपनांवर आणखी एक मंद चढउतार स्वार झालेला असतो, तो ध्वनीच्या जोराचा. स्वर उच्चारताना तोंड उघडते, हवेचा मार्ग मोकळा होतो आणि ध्वनी मोठा होतो. व्यंजन उच्चारताना जीभ किंवा ओठ मार्ग अडवितात आणि ध्वनी क्षीण होतो. जोराचा प्रत्येक उंचवटा म्हणजे एक उच्चारखंड. साधारण बोलण्यात सेकंदाला चार ते सहा उंचवटे येतात. म्हणजे स्वरतंतूंची कंपने आणि हे उंचवटे ह्यांच्या वेगात वीस-पंचवीस पटींहून अधिक अंतर आहे.

सर्वच व्यंजने मार्ग सारखाच अडवीत नाहीत. ‘प’, ‘त’, ‘क’ उच्चारताना तो पूर्ण बंद होतो. ‘स’, ‘श’ मध्ये एक फट उरते. ‘म’, ‘न’ मध्ये ध्वनी नाकावाटे वाहत राहतो. ‘र’, ‘ल’, ‘य’, ‘व’ ह्यांत तो स्वरांच्या जवळ पोहोचतो. आणि सर्वांत मोकळा ‘आ’. डॉक्टर घसा तपासताना ‘आ’ करायला सांगतात तो उगीच नाही.

प्रयोग 1. हनुवटीखाली हाताचा तळवा आडवा धरा आणि ‘कासारवाडी’ म्हणा. जबडा किती वेळा खाली येतो ते मोजा. इ आणि उ उच्चारताना जबडा कमी उघडतो, म्हणून अशा शब्दांना प्रत्येक खंडावर टाळी देऊन पडताळा घ्या.

प्रयोग 2. मोबाईलवर आवाज मुद्रित करून त्याचा आलेख दाखविणारी सोय असते. ‘चिंचवड’ हा शब्द सावकाश बोलून आलेख पाहा. दोन फुगीर भाग आणि त्यांमध्ये एक खोलगट भाग दिसेल.

येथे एक सावधगिरी बाळगावी. उंचवटे किती हे आलेख बऱ्यापैकी निश्चित सांगतो. पण एक खंड नेमका कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे तो रेघ मारून दाखवीत नाही. दोन डोंगरांमधील दरी दिसते, पण त्यांची हद्द दरीत नेमकी कोठे आहे हे दरी सांगत नाही. ‘पिंपरी’ हा शब्द पिंप्-री असा तोडावा की पिं-प्री असा? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. अशा वेळी हद्द ठरवायला शब्दाची रचना मदतीला येते.

सारखी चिन्हे, निराळे तुकडे

आता पुढील दोन शब्द मोठ्याने वाचा : मावळता आणि रानगवा.

दोन्ही शब्दांत अक्षरे चार. दोन्हींत पहिल्या अक्षराला काना, मधली दोन अक्षरे साधी आणि शेवटच्याला पुन्हा काना. केवळ चिन्हे पाहणाऱ्याला दोन्हींचा साचा एकच दिसेल. पण उच्चार पाहा.

मावळता : मा-वळ्-ता
रानगवा : रान्-ग-वा

पहिल्यात तिसऱ्या अक्षराचा अ गळला, दुसऱ्यात दुसऱ्या अक्षराचा. असे का? कारण ‘मावळता’ हा ‘मावळ’ ह्या धातूला प्रत्यय लागून झाला आहे, तर ‘रानगवा’ हा ‘रान’ आणि ‘गवा’ ह्या दोन पूर्ण शब्दांचा समास आहे. समासातील प्रत्येक घटक आपला उच्चार जणू स्वतंत्र असल्यासारखा सांभाळतो. ‘रान’ एकटा असताना ‘रान्’ होतो, म्हणून समासातही ‘रान्’. ‘गवा’ एकटा असताना ग-वा असतो, म्हणून समासातही ग-वा. ‘रा-नग्-वा’ असे कोणी म्हणाले तर आपल्याला प्राण्याचे नाव ओळखताच येणार नाही. ‘बदलते’ आणि ‘तळवडे’ ही जोडीही अशीच तपासून पाहा. एकात ब-दल्-ते, तर आपल्या तळवडे गावात तळ्-व-डे.

म्हणजे उच्चारखंड पाडण्यापूर्वी शब्दाचा सांधा माहीत असावा लागतो. लहानपणापासून मराठी ऐकलेल्या मुलाला तो कोणी न शिकविता माहीत असतो.

बोल्टचा सांधा आणि वेल्डिंगचा सांधा

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डरच्या अभ्यासक्रमाला मराठीत ‘संधाता’ म्हणतात. व्याकरणातील ‘संधी’ हा शब्दही त्याच मुळातला, ‘एकत्र जोडणे’ ह्या अर्थाचा. ही उपमा आपल्याला उपयोगी पडेल. नट-बोल्टने जोडलेले दोन भाग वेगळे ओळखू येतात. वेल्डिंग करून घासून गुळगुळीत केलेला सांधा मात्र डोळ्यांना सापडत नाही.

‘देवघर’ आणि ‘देवालय’ हे शब्द घ्या. ‘देवघर’ म्हणजे देव + घर, उच्चार देव्-घर्. सांधा आणि खंडाची हद्द एकाच जागी आहेत. हा बोल्टचा सांधा. ‘देवालय’ म्हणजे देव + आलय, पण उच्चार दे-वा-लय्. येथे सांधा ‘वा’ ह्या अक्षराच्या पोटात गेला आहे. त्यातला ‘व’ देवाचा, आणि ‘आ’मध्ये दोन्ही घटकांचे स्वर वितळून एक झाले आहेत. उच्चारखंड पाडून सांधा सापडणार नाही. हा वेल्डिंगचा सांधा.

असा वितळलेला सांधा न ओळखल्याने काय होते ह्याची एक गमतीदार कथा आपल्याच पैठणची आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने लिहिलेल्या ‘कथासरित्सागरा’त ती येते. सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. पाण्याच्या माऱ्याने दमलेल्या एका राणीने त्याला संस्कृतात विनवले, की पाण्याने मारू नका. तिच्या बोलण्यात ‘मोदकैः’ असा शब्द होता. त्याची फोड होती मा + उदकैः, म्हणजे ‘पाण्याने नको’. राजाने मात्र शब्द सलग घेतला आणि सेवकांकडून मोदक मागविले! राणी हसली, राजा ओशाळला आणि व्याकरण शिकायच्या हट्टाला पेटला. सहा महिन्यांत शिकवितो असे म्हणणाऱ्या शर्ववर्म्याने त्यासाठी ‘कातंत्र’ हे सुटसुटीत व्याकरण रचले, असे कथा सांगते.

सांध्यावर दोन सारखी व्यंजने

आता तिसरा प्रकार. ‘आगगाडी’, ‘शेततळे’, ‘लोककथा’, ‘नाममात्र’ हे शब्द नेहमीच्या वेगाने म्हणा. पहिला घटक ज्या व्यंजनाने संपतो त्यानेच दुसरा सुरू होतो. मग आपण ते व्यंजन दोनदा उच्चारतो का? नाही. जीभ टाळ्याला एकदाच टेकते, पण अधिक वेळ टेकून राहते. ‘शेत्तळे’ म्हणताना ‘त’च्या आधी एक छोटासा नि:शब्द क्षण येतो. एकेरी ‘त’पेक्षा हा क्षण चांगलाच लांब असतो. ‘पता’ आणि ‘पत्ता’ मुद्रित करून दोन्ही आलेखांतील सपाट भाग मोजा म्हणजे खात्री पटेल. ह्या शांततेचा पहिला भाग ‘शेत’चा आणि उरलेला ‘तळे’चा. ध्वनीचा अभावही अर्थ सांगण्याच्या कामी येतो, तो असा.

नॉर्वेच्या भाषेत हीच अडचण लेखनात आली. तेथे ‘नाट्ट’ म्हणजे रात्र आणि ‘टोग’ म्हणजे आगगाडी. दोन्ही जोडून रात्रीची गाडी. पहिल्या शब्दाच्या शेवटी रोमन लिपीतील ‘टी’ दोनदा आणि दुसऱ्याच्या आरंभी एकदा, म्हणजे ‘टी’ तीन व्हायला हवेत. पण सलग तीन सारखी व्यंजने लिहायची नाहीत असा त्यांचा नियम आहे, म्हणून एक गाळतात. गंमत पुढेच आहे. हा शब्द ओळीच्या शेवटी तोडावा लागला, तर गाळलेला ‘टी’ परत येतो! पहिल्या ओळीत दोन, दुसऱ्या ओळीत एक. सांधा उघडला की दोन्ही भाग आपापले पूर्ण रूप धारण करतात. ओळ तोडताना समासाच्या सांध्यावर तोडावी हा तेथला साधा संकेत आहे. आपल्याकडेही ‘पाणी-पुरवठा’ असे तोडलेले डोळ्याला सुखावते, ‘पाणीपु-रवठा’ असे तोडलेले खटकते.

जोडताना शब्द झिजतात

स्वीडिश शब्दात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. गोळी म्हणजे ‘कुला’, पण समासात ‘कुल’ एवढेच उरले. शेवटचा ‘आ’ गळला. शेजारच्या नॉर्वेत गोळीला ‘कूले’ म्हणतात आणि बॉल-बेअरिंगला ‘कूलेलागेर’. तेथे स्वर टिकून राहिला. एकाच कुळातल्या दोन भाषांच्या ह्या दोन तऱ्हा. मराठीत तर एकाच शब्दाच्या तीन तऱ्हा सापडतात.

घोडा : घोडदौड, घोडदळ
घोडा : घोडेस्वार, घोडेबाजार
घोडा : घोडागाडी

‘पाणी’चेही तसेच. पाणबुडी आणि पाणचक्की ह्यांत ‘ई’ गळली, पाणीपुरवठा आणि पाणीपट्टी ह्यांत ती राहिली. स्वर गळला की एक उच्चारखंड वाचतो : घोड्-दौड् दोनच खंडांत उरकते.

काही भाषा उलट करतात, सांध्यात एक जोड-ध्वनी भरतात. 2009 साली चाकणला ज्या मोटार-कंपनीचा कारखाना सुरू झाला तिचे ‘फोल्क्सवागन’ हे जर्मन नाव पाहा. ‘फोल्क’ म्हणजे लोक, ‘वागन’ म्हणजे गाडी, आणि मधला ‘स’ हा नुसता वायसर. नॉर्वेजियनमध्ये ‘बार्न’ म्हणजे मूल आणि ‘हागे’ म्हणजे बाग, दोहोंमध्ये ‘ए’ घालून होते ‘बार्नेहागे’. ह्याचा अर्थ मुलांची बाग, म्हणजेच आपली ‘बालवाडी’! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी बोर्डी-कोसबाडला रुजविलेल्या ह्या शब्दातली ‘वाडी’ बागेच्या अर्थाची, तर कासारवाडीतली ‘वाडी’ वस्तीची. आणि ‘लोहमार्ग’ ह्या आपल्या शब्दाला जुळणारा नॉर्वेजियन शब्द आहे ‘येर्नबाने’ : ‘येर्न’ म्हणजे लोखंड, ‘बाने’ म्हणजे मार्ग.

घटक मूळ रूपात टिकला आहे की नाही हे मराठीत ऱ्हस्व-दीर्घावरूनही कळते. ‘वीज’ला प्रत्यय लागला की ‘विजेचा’ होते, ‘दूध’चे ‘दुधाचा’ होते. पण समासात ‘वीजपुरवठा’, ‘दूधभात’ असे दीर्घच राहतात, कारण तेथे ‘वीज्’ आणि ‘दूध्’ हे खंड अखंड आहेत. उलट ‘फुलपाखरू’ हा शब्द इतका एकजीव झाला आहे की त्यातला ‘फु’ ऱ्हस्व लिहितात. फूल त्याच्या मुळाशी आहे हे आपल्याला सहसा आठवतही नाही.

सांधा सुटला तर?

नॉर्वेत जोडशब्द तोडून लिहिण्याच्या चुकांची लोक थट्टा करतात. ‘रॉयक्‌फ्रिट्ट’ हा शब्द जोडून लिहिला तर अर्थ ‘येथे धूम्रपान नाही’. तोडून लिहिला तर अर्थ ‘खुशाल ओढा’! मराठीतही ‘गोडे तेल’ असे तोडून वाचणारा ते चवीला गोड समजेल, ‘गोडेतेल’ म्हणजे मात्र जेवणात वापरायचे तेल. ‘माजी विद्यार्थी संघ’ ह्या पाटीचे दोन अर्थ होतात. माजी विद्यार्थ्यांचा संघ, की पूर्वी अस्तित्वात असलेला विद्यार्थीसंघ? येथे प्रश्न आहे तीन तुकड्यांपैकी कोणते दोन आधी जोडले गेले हा. ‘(माजी + विद्यार्थी) + संघ’ आणि ‘माजी + (विद्यार्थी + संघ)’ अशी कंसांनी मांडणी केली की फरक दिसतो. गणितात कंस हलविल्याने बेरजेत फरक पडत नाही, वजाबाकीत पडतो. शब्दांची जोडणी ह्या बाबतीत वजाबाकीसारखी आहे.

आज ह्या प्रश्नाला एक नवे महत्त्व आले आहे. मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी यंत्रे आता मोबाईलमध्ये आली आहेत. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना ती धडा वाचून दाखवितात. यंत्राला केवळ चिन्हे दिसतात, कोणता ‘अ’ गाळायचा हे कागदावर लिहिलेले नसते. सांधा चुकला की ‘रान-गवा’चा ‘रानग-वा’ होतो. डोळस विद्यार्थी मागे जाऊन शब्द पुन्हा पाहू शकतो. ज्याचा सारा धडा कानावरच अवलंबून आहे, त्याला त्या शब्दापाशी थांबून अर्थ जुळवीत बसावे लागते आणि तेवढ्यात पुढचे वाक्य निघून जाते. तेव्हा समास जोडून लिहिण्याचा नियम परीक्षेतील अर्ध्या गुणापुरता नाही. वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला सांधा दाखविणारी ती खूण आहे.

स्वाध्याय

1. पुढील शब्दांतील अक्षरे आणि उच्चारखंड मोजा : कामगार, कारखाना, यंत्रमाग, थेरगाव, हातकडी, पिंपळे सौदागर.

2. ‘हातकडी’ आणि ‘ओळखले’ ह्या शब्दांचे खंड पाडा. कोणत्या अक्षरातील अ गळला आणि का, ते लिहा.

3. सूर्योदय, हिमालय, आमराई, केळफूल, लोहमार्ग ह्यांतील बोल्टचे सांधे आणि वेल्डिंगचे सांधे वेगळे करा. कोणत्या शब्दात एखादा घटक झिजला आहे?

4. शाळेपासून घरापर्यंतच्या पाट्यांवरील दहा जोडशब्द टिपून घ्या. किती जोडून आणि किती तोडून लिहिले आहेत? तोडल्यामुळे एखाद्याचा अर्थ बदलतो का?

5. धड्यातील शंभर उच्चारखंडांचा उतारा मोजून घ्या आणि तो वाचायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहा. सेकंदाला किती खंड पडले? हळू वाचणाऱ्या आणि भराभर वाचणाऱ्या मित्रांच्या उत्तरांची तुलना करा.

शिक्षकांसाठी : पाचव्या प्रश्नाची वर्गातील सर्व उत्तरे फळ्यावर मांडून सरासरी काढता येईल. दुसरा आणि तिसरा प्रश्न मराठीच्या शिक्षकांबरोबर मिळून घेतल्यास समासाचा पाठ आणि ध्वनीचा पाठ एकाच तासाला होईल.